अळीच्या वतीने कोण लढतं?

रेशीमकिड्याच्या ग्रासरी या रोगावर औषध नाही, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. वाद त्याच्या पुढे सुरू होतो. एका बाजूला बीड जिल्ह्यात तुतीची बाग आणि रेशीमकिड्यांची शेड सांभाळणारी आत्या, दुसऱ्या बाजूला हैदराबादेत कीटकांच्या विषाणूंवर काम करणारा तिचा भाचा. आत्याच्या मते अळीच्या अंगात लढण्याजोगं काहीच नाही, जे लढायचं ते शेडमालकाने. भाच्याच्या मते अळी चांगली तयारीची आहे, फक्त तिचा विषाणू तिच्याहून वस्ताद आहे. ही बोलणी वेगवेगळ्या वेळी झाली. इथे ती सलग लावली आहेत, आणि मधे तोंड घालण्याचा मोह मी आवरलेला नाही.

आत्या : अळीत कसला आलाय दम? हजारो वर्षं माणसानं पाळली तिला. ना पळता येतं, ना झाडावर पान शोधता येतं. पतंग झाला तरी धड उडत नाही. तिची प्रतिकारशक्ती म्हणजे माझा चुना, माझी ब्लिचिंग पावडर आणि रात्री दोनदा उठून पाहिलेला थर्मामीटर. बाकी सगळं तुमच्या कागदावर.

भाचा : मग सगळ्या अळ्या पहिल्याच दिवशी का मरत नाहीत? ग्रासरीचा विषाणू थोडाफार प्रत्येक शेडमध्ये असतो. तुझ्याही असतो.

आत्या : माझ्या शेडमध्ये नसतो.

भाचा : असतो गं. तू त्याचा आकडा खाली ठेवतेस, म्हणून दिसत नाही. एखाद्या अळीनं पानाबरोबर थोडे कण खाल्ले तर बऱ्याचदा काहीच होत नाही, खूप खाल्ले तर मरते. त्या थोड्याचा बंदोबस्त कोण करतं? तुझा चुना तर अळीच्या पोटात जात नाही.

आत्या : जेव्हा व्हायचं तेव्हा मात्र सगळं एकदम होतं बघ. चॉकी, म्हणजे लहान अळ्यांची बॅच, चांगली आलेली असते, तिसरी कात, चौथी कात नीट उतरते. पाचव्या अवस्थेत मणभर पाला खाऊन झाला, आता दोन दिवसांत कोष विणायला चंद्रिका टाकायच्या, आणि तेव्हाच अळी चकाकायला लागते. अंगाच्या वळ्या सुजतात. पान सोडून रॅकच्या कडेकडेनं फिरत सुटते. पाय जरा दुखावला की दुधासारखं पाणी गळतं. माझा सगळा पाला खाऊन मग मरते. कोष नाहीच.

(रोगाचं वर्णन यापेक्षा नेमकं करता येणार नाही. विषाणूचं पूर्ण नाव बॉम्बिक्स मोरी न्यूक्लिओपॉलिहेड्रोव्हायरस, तोंडी वापरात बीएमएनपीव्ही. कर्नाटकातले शेतकरी या रोगाला दुधाचा रोग अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात.)

भाचा : त्या दुधात काय असतं माहीत आहे? निरोगी अळीचं रक्त पारदर्शक, पिवळसर असतं. जखम झाली की ते हवेला लागून काळं पडतं. ते काळं पडणं हाही बचावाचाच भाग आहे, त्यातली रसायनं जंतूंना बाधक असतात. रोगट रक्त पांढरं दिसतं ते स्फटिकांमुळे. विषाणू स्वतःला प्रथिनाच्या बहुकोनी स्फटिकात बंद करून घेतो. एका मेलेल्या अळीतून असे कोट्यवधी स्फटिक बाहेर पडतात आणि मातीत, रॅकच्या फटीत, पत्र्याच्या खाचेत वर्षानुवर्षं पडून राहतात. नुसत्या पाण्यानं धुतलेस तर त्यांना काही होत नाही.

आत्या : म्हणून तर ब्लिचिंगच्या पाण्यात चुना घालायचा. दोन टक्के ब्लिचिंग आणि ०.३ टक्के चुना, आम्हाला प्रशिक्षणातच पाठ करून घेतलंय.

भाचा : चुना कशासाठी, ते सांगितलं?

आत्या : जोर वाढतो म्हणून.

भाचा : चुन्याचं पाणी अल्कधर्मी. त्यात तो स्फटिक विरघळतो आणि आतला विषाणू उघडा पडतो. उघड्या विषाणूला मग ब्लिचिंग मारतं. आता गंमत अशी, की अळीच्या आतड्यातला रसही तसाच कडक अल्कधर्मी असतो, सामू दहाच्या आसपास. तिथेही स्फटिक विरघळतो, तिथेही विषाणू उघडा पडतो. फरक इतकाच की तिथे शिरायला समोर जिवंत पेशी असतात. तुती पचवण्यासाठी जो रस लागतो, तोच विषाणूला मोकळा करतो.

आत्या : म्हणजे अळी स्वतःच्याच पोटानं मरते. मी म्हटलं नव्हतं?

भाचा : थांब, त्याच पोटात पुढचं ऐक. उघडा पडला तरी त्याला पेशीपर्यंत पोचायचं असतं. आतड्याच्या आतून एक पातळ जाळीदार पडदा असतो, अन्न त्याच्या आत राहतं आणि पेशी बाहेर. शिवाय पचनाच्या रसातच विषाणूला निकामी करणारी प्रथिनं असतात. २००३ साली जपानमध्ये काम करणाऱ्या एका गटानं, त्यात पोन्नुवेल हे आपले भारतीय संशोधक होते, अळीच्या पाचकरसातून एक लायपेज वेगळं काढलं. लायपेज म्हणजे स्निग्ध पदार्थ पचवणारं विकर. ते विषाणूला मारतं असं दिसलं. ते विषाणू आल्यावर तयार होत नाही, आधीपासून असतंच. काम पचनाचं, वर राखण फुकट.

आत्या : आणि कातीच्या वेळी? कातीवर बसलेली अळी खातच नाही.

भाचा : नेमकं तेच. कात टाकताना ते लायपेज बनत नाही, आणि कोष करायच्या आधीच्या फिरतीतही नाही.

आत्या : म्हणून कातीवरून उठलेल्या अळीला लगेच पाला टाकू नका म्हणतात. आधी बेडवर पावडर धुरळायची, मग अर्ध्या तासानं पाला.

मला इथे थांबून सांगावंसं वाटतं की हा सल्ला आणि ते संशोधन दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले आहेत. पावडर धुरळण्याचा रिवाज लायपेजच्या शोधामुळे पडला नाही. बेड निर्जंतुक करायला कातीनंतरची वेळ बरी, हे अनुभवाने ठरत गेलं. आत्याला तो अनुभव म्हणजे पुरेसं कारण वाटतो. भाच्याला वाटत नाही, आणि या बाबतीत मी भाच्याच्या बाजूने आहे.

भाचा : आणखी एक आहे. तुतीच्या पानातल्या हरितद्रव्यापासून अळीच्या आतड्यात एक लाल चमक देणारं प्रथिन तयार होतं. जपानी संशोधकांनी ते शोधलं, तेही या विषाणूला निकामी करतं. ताज्या पानाऐवजी कृत्रिम खाद्यावर वाढवलेली अळी विषाणूला लवकर बळी पडते, त्याचा एक धागा इथे लागतो.

आत्या : मग श्रेय पाल्याचं म्हण. पाला कोणी वाढवला? जून, पिवळा पाला घातला की अळी मरते, हे मला लाल प्रथिनाशिवाय कळतं.

भाचा : कळतं, पण किती जून चालेल ते कळत नाही.

आत्या : बोटाला कळतं.

(हा टोला भाच्याने निमूटपणे घेतला.)

भाचा : बरं, समज विषाणू पेशीत घुसला. पेशी गप्प बसत नाही. पेशीत डीएनए असण्याची जागा ठरलेली आहे, केंद्रकात. तो बाहेर नको तिथे सापडला की एक धोक्याचा रेणू तयार होतो, तो स्टिंग नावाच्या प्रथिनाला जागं करतो, आणि बचावाची जनुकं चालू होतात. हीच साखळी माणसात आहे, तिची मुळं जिवाणूंपर्यंत जातात. रेशीमकिड्यात ती या विषाणूविरुद्ध काम करते हे २०१८ साली दाखवलं गेलं. दुसरी वाट आरएनएची. विषाणूचा दुपदरी आरएनए दिसला की डायसर नावाचं विकर त्याचे वीस अक्षरांचे तुकडे करतं, आणि ते तुकडे वापरून पेशी विषाणूचे संदेश शोधशोधून कापते. अळीत आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत, इंटरफेरॉन नाही. लस तिला टोचता येत नाही. पण हे आहे.

आत्या : आणि इतकं सगळं असून ती मरते.

भाचा : मरते, कारण विषाणूनं या प्रत्येक गोष्टीवर उतारा आणलाय. माझा सगळा मुद्दाच तो आहे, आत्या. पेशीकडे शेवटचा उपाय असतो, स्वतः मरणं. विषाणूची पिल्लं तयार व्हायच्या आत पेशी स्वतःला संपवते, म्हणजे विषाणू तिच्याबरोबर संपतो. हे कळलं कसं? १९९१ साली अमेरिकेत लोइस मिलर या बाईंच्या प्रयोगशाळेत याच कुळातल्या एका विषाणूचा बिघडलेला प्रकार सापडला. त्यात पी३५ नावाचं एक जनुक मोडलेलं होतं, आणि तो ज्या पेशीत शिरे ती पेशी फुटून तुकडे होई. म्हणजे धडधाकट विषाणू पी३५ आणतो ते पेशीला मरू न देण्यासाठी. दोन वर्षांत सुसुमू माएदा यांच्या गटानं रेशीमकिड्याच्या विषाणूतही तेच दाखवलं. त्याच काळात मिलरबाईंच्या गटाला पेशीचं मरण अडवणारी दुसऱ्या जातीची जनुकं विषाणूत सापडली, आणि मग तशीच माणसात निघाली. आज कर्करोगाच्या अभ्यासात त्यांची नावं रोज घेतली जातात.

आत्या : कुलूप किती दणकट होतं ते चोराच्या पहारीवरून ओळखायचं, असं म्हणतोस.

भाचा : अगदी तसंच.

आत्या : पण घर लुटलं गेलंच की.

इथे दोघेही बरोबर आहेत, पण सारखे बरोबर नाहीत. विषाणूच्या जनुकांवरून अळीच्या बचावाचं मोठेपण मोजण्याची भाच्याची रीत मला पटते. ती निव्वळ कौतुकाची नाही. या विषाणूचा जनुकसंच १९९९ साली वाचला गेला. सुमारे १,२८,००० अक्षरं आणि १३६ च्या आसपास जनुकं. एवढ्याशा गाठोड्यात ज्याने पी३५ला जागा दिली, त्याला त्याची गरज असणारच. नसती, तर ते जनुक केव्हाच गळून पडलं असतं. ग्रासरीची जी लक्षणं आत्या डोळ्यांनी पाहते, ती घडवणारी जनुकंही याच गाठोड्यात आहेत.

भाचा : तू म्हणालीस ना, अळी माझा सगळा पाला खाऊन मग मरते. ते उगाच होत नाही. विषाणूकडे ईजीटी नावाचं जनुक आहे. कात टाकायला लावणारं जे संप्रेरक अळीत असतं, त्याला ते साखरेचा रेणू चिकटवतं, की संप्रेरक निकामी. अळी कातीकडे वळत नाही, खात राहते, फुगत राहते. कात टाकताना अळी आतड्याच्या जुन्या पेशी टाकून देते, विषाणू शिरलेल्या पेशीही त्यांत जाऊ शकतात. कात थांबवली की तीही वाट बंद. हे ईजीटी मिलरबाईंच्याच प्रयोगशाळेत १९८९ साली उलगडलं.

आत्या : आणि रॅकच्या कडेला फिरणं?

भाचा : तेही विषाणूचंच. पीटीपी नावाचं जनुक. २००५ साली रेशीमकिड्यावरच दाखवलं, ते जनुक काढलेला विषाणू दिला तर अळी मरते, पण तशी भटकत नाही. भटकून मेली की विषाणू लांब पसरतो. आणि शेवटी अळीचं पाणी होतं ना? काइटिनेज आणि कॅथेप्सिन, ही दोन विकरंही विषाणूच्याच जनुकांची. कातडी आणि मांस विरघळून स्फटिक मोकळे होतात.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे कडेला आलेली अळी मी चिमट्यानं उचलते, तेव्हा त्याचा डाव मोडते." भाचा म्हणाला, हो. लायपेज, स्टिंग, डायसर, सगळ्यांवर मात करून विषाणू जिथवर येतो, तिथे त्याच्या आड येते ती आत्या. या वाक्यावर ती खूश झाली, आणि मला वाटतं भाच्याने ते थोडंफार तिला खूश करण्यासाठीच म्हटलं होतं.

पुढचं उदाहरण मात्र भाच्यावर उलटलं.

भाचा : अळीचा आणखी एक विषाणू आहे, डेन्सोव्हायरस. आतड्यातच वाढतो. काही वाणांना तो अजिबात होत नाही, कितीही पाजा. २००८ साली जपानी संशोधकांनी कारण शोधलं. आतड्याच्या पेशीवर अमिनो आम्लं आत घेणारं एक प्रथिन असतं, विषाणू आत शिरायला त्याचाच आधार घेतो. त्या वाणांमध्ये त्या प्रथिनाच्या जनुकाचा मोठा तुकडाच गळालाय. आईबापांकडून दोन्ही प्रती मोडक्या आल्या की अळी पक्की सुरक्षित.

आत्या : म्हणजे जिच्याकडे काही नाही, तीच वाचली! तुझ्या सगळ्या हत्यारांपेक्षा एक तुटकं जनुक भारी. मग कसली तयारी आणि कसलं काय?

भाचा : ...तो बचाव त्या एका विषाणूपुरता आहे. ग्रासरीला तो चालत नाही.

आत्या : पण पक्का आहे. तुझे बाकीचे सगळे कमीजास्त चालतात.

यावर भाच्याकडे उत्तर होतं, पण ते लंगडं होतं. पचनाला लागणारं प्रथिन गमावून जगणं प्रत्येक वेळी परवडत नाही, हे खरं. तरीही विषाणूविरुद्धची पूर्ण प्रतिकारकता निसर्गात ज्या मोजक्या ठिकाणी सापडते, तिथे बरेचदा काहीतरी मिळवलेलं नसतं, गमावलेलं असतं, आणि प्रतिकारशक्तीच्या गौरवात हे सहसा सांगितलं जात नाही.

आत्या : मग तुमच्या हैदराबादेत इतकी वर्षं काय करताय? एक अळी द्या, ग्रासरी न होणारी.

भाचा : केली आहे. सीडीएफडी या हैदराबादच्या संशोधन संस्थेत डॉ. नागराजू होते. त्यांच्या गटानं २००७ साली रेशीमकिड्यात असं जनुक बसवलं, की विषाणूच्या आयई-१ या सुरुवातीच्या जनुकाचा दुपदरी आरएनए अळी स्वतःच तयार करते. विषाणू आला की डायसर आधीच तयार. पुढे एका ऐवजी विषाणूच्या अनेक जनुकांवर एकदम नेम धरला. ते काम २०१३ मध्ये छापून आलं, नागराजू त्याआधीच, २०१२च्या शेवटी गेले. त्या अळ्या विषाणू पाजल्यावर साध्या अळ्यांपेक्षा कितीतरी जास्त वाचल्या.

आत्या : आणि त्या आहेत कुठे?

भाचा : प्रयोगशाळेत. जनुक बदललेला किडा शेतात द्यायला परवानग्या लागतात. जपानमध्ये गुन्मा प्रांतात २०१७ पासून शेतकरी जनुक बदललेले किडे पाळतात, पण ते हिरवं चमकणारं रेशीम काढायला.

आत्या : चमकणाऱ्या रेशमाला परवानगी आणि मरणाऱ्या अळीला नाही.

भाचा : देश वेगळे, नियम वेगळे. शिवाय जास्त रेशीम देणाऱ्या बायव्होल्टाईन संकरात ते जनुक घालून कोषाचं वजन, धाग्याची लांबी टिकवायची, हे वेगळं काम आहे. आपले बारमाही देशी वाण काटक, पण कोष हलका. जास्त रेशमाच्या मागे लागून आपण नाजूक वाण आणले, त्यात तुझा बाजारही आहे.

आत्या : जालन्याच्या बाजारात काटकपणाला भाव नाही मिळत. पण मला सांग, तो विषाणू तुझ्या नव्या अळीवरही उतारा शोधेल ना? इतकी वस्ताद जात म्हणतोस.

भाचा : एका जनुकावर नेम धरला तर शोधेल. म्हणून तर अनेकांवर धरला.

आणि इथून बोलणं अशा गोष्टीकडे गेलं जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. बोलता बोलता भाच्याने विचारलं, ग्रासरी लागलेल्या बेडमध्ये ज्या अळ्या वाचतात, त्यांचं काय करतेस?

आत्या : वाचल्या तर कोष करतात. बेड फार बिघडला तर सगळा उचलून ब्लिचिंगच्या पाण्यात आणि मग खड्ड्यात.

भाचा : आणि कोष केले त्यांचं?

आत्या : बाजारात. तिथून उकळत्या पाण्यात. आम्ही कोषातला पतंग ठेवत नाही, संकर आहे तो, पुढच्या पिढीत फुटतो. अंडीपुंज दरवेळी नवे विकत.

भाचा : म्हणजे तुझ्या शेडमध्ये जी अळी विषाणूला पुरून उरली, तिला पिल्लं होत नाहीत. आणि जो विषाणू अळीला पुरून उरला, त्याला होतात, आणि तो रॅकच्या फटीत पुढच्या बॅचची वाट बघतो. विषाणू तुझ्या शेडमध्ये वर्षानुवर्षं शिकतोय. अळी दर महिन्याला कोरी येते.

आत्या : अंडी रोगमुक्त तपासून येतात पण.

भाचा : तपासतात पेब्रीन या दुसऱ्या रोगासाठी. पाश्चरनं १८६५ नंतर दक्षिण फ्रान्समध्ये जी पद्धत बसवली तीच. मादी पतंग अंडी घालून झाली की कुटून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पेब्रीन आईकडून अंड्यात जातो, म्हणून ती तपासणी. ग्रासरीला अळी किती तोंड देईल, हे त्यात कुठे दिसतं?

आत्या : मग ते अंडीपुंज तयार करणाऱ्या ग्रेनेजवाल्यांना सांग. मूळ वाण त्यांच्याकडे. माझ्याकडे सांगून काय?

तिचं बरोबर आहे. अळीच्या प्रतिकारशक्तीची निवड शेडमध्ये होतच नाही, ती मूळ वाण जपणाऱ्या केंद्रात झाली तरच होते, आणि तिथे निवड प्रामुख्याने कोषाच्या वजनावर आणि धाग्यावर चालते. रानातली तिची चुलती, बॉम्बिक्स मँडरिना, आजही स्वतःची निवड स्वतः करते. पाळीव अळीची ती सोय गेली. आत्याला अळीत दम दिसत नाही, कारण दम दाखवलेली अळी पुढे कुठे जातच नाही.

भाचा : एक कर. पुढच्या वेळी कडेला आलेल्या अळ्या फेकू नकोस. मी बाटली देतो, बर्फात ठेवून हैदराबादला नेईन. तुझ्या शेडमधला विषाणू आणि दुसऱ्या गावातला सारखाच आहे की वेगळा झालाय, ते जनुकं वाचून बघता येईल. पी३५मध्ये, ईजीटीमध्ये काही बदललंय का.

आत्या : रोगट अळी शेडमध्ये ठेवायची? तुझं डोकं फिरलंय का?

भाचा : घट्ट झाकणाची बाटली. शेडबाहेर.

आत्या : शेडबाहेर म्हणजे बागेच्या पलीकडे, विहिरीपाशी. आणि बाटली भरलेल्या दिवशी तू आत यायचं नाहीस. आलास तर चपला बाहेर, पाय चुन्याच्या ट्रेमध्ये, हात साबणानं धुऊन. चॉकी आल्यावर तर अजिबातच नाही.

भाचा : बर्फ कुठून आणायचा?

आत्या : दूध डेअरीत मिळतो. सकाळी नऊच्या आत जा.